स्पॅम गाळणं वेगळं, व्हायरस टाळणं वेगळं

इंदूरच्या रामबागेतले आमचे एक काका आजही मेल वाचायला युडोरा हा जुना प्रोग्रॅमच उघडतात, विंडोजसाठीची शेवटची, २००६ सालची आवृत्ती. "इतकी वर्षं झाली, एक व्हायरस नाही आला. स्पॅमही फारसं दिसत नाही," असं ते सांगतात. दोन्ही खरं आहे, पण दोन्हींचं कारण एक नाही, आणि माझी काळजी तिथेच आहे.

स्पॅमचं आधी. युडोरातली गाळणी शब्दांवरून अंदाज बांधते. तुम्ही कचरा ठरवलेल्या मेलमध्ये कुठले शब्द पुन्हा पुन्हा येतात, ते ती शिकते. पण आज बहुतेक कचरा तिच्यापर्यंत पोचतच नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता खरा की खोटा, अशा गोष्टी तपासून मेलसेवेचा सर्व्हरच तो अडवतो.

व्हायरस मात्र ओळखीच्या माणसाच्या नावानं येतो, म्हणून ही गाळणी त्याला हटकेलच असं नाही. मार्च १९९९ मधला मेलिसा हा व्हायरस आउटलुक या मायक्रोसॉफ्टच्या मेल प्रोग्रॅमच्या पत्त्यांच्या यादीतल्या पहिल्या ५० जणांना स्वतःला पाठवायचा. मे २००० मधल्या 'आय लव्ह यू'नं तर सगळी यादीच वापरली. त्याच्या फाइलच्या नावाचं खरं शेपूट, म्हणजे फाइल कसली ते सांगणारी शेवटची अक्षरं, विंडोज लपवत असे, त्यामुळे ती साधी मजकुराची फाइल वाटायची. युडोरावाल्यानं ती उघडली असती तर ती मेलनं पुढे कुणाला गेली नसती, कारण मेलनं पसरायला तिला आउटलुक लागे. पण त्याच्या स्वतःच्या मशीनवरचे फोटो मात्र गेलेच असते! जुन्या प्रोग्रॅमनं अशा वेळी शेजारी वाचतो, आपण नाही.

आपण वाचतो ते दुसऱ्या प्रकारात. नोव्हेंबर १९९९ मधला बबलबॉय आउटलुक एक्सप्रेसमध्ये मेल नुसता डोळ्यांखालून गेला तरी चालू व्हायचा. युडोरा त्यातून सुटे, निदान मायक्रोसॉफ्टचा व्ह्यूअर (मेल वेबपानासारखा दाखवणारा भाग) वापरण्याचा पर्याय बंद असेल तर. काकांकडे तो चालू होता. मी बंद करून दिला.

इंदुरात कचरा वेगळा करायची सवय घराघरात आहे. रद्दी सुक्या कचऱ्यात जाते, फुटकी ट्यूबलाइट त्यात टाकत नाहीत. स्पॅम ही रद्दी आहे, व्हायरस ही काच.

युडोरात आता सापडणारं भोक कुणी बुजवणार नाही. थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये अशीच शिकणारी गाळणी आहे आणि दुरुस्त्याही येत राहतात. काकांना तेच घ्यायला सांगितलंय, पण बदलण्याआधी युडोराचा सगळा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्या म्हटलं, त्यात आजीची पत्रं आहेत.