हरणाच्या शिकारीचा परवाना खरंच मिळतो का?

"बंदुकीचं लायसन्स असलं आणि हंगाम पाहून वनखात्याचा पास काढला, की एखादं हरीण मारता येतं." गावात हे आजही ठामपणे ऐकू येतं. हे पूर्ण चूक आहे, पण हवेतून आलेलं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या परवान्यांची सोय खरोखर होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. आजोबांची आठवण खरी, फक्त तिची मुदत संपलीय.

पीकसंरक्षणाचं लायसन्स शस्त्र कायद्याखालचं. ते बंदूक बाळगण्यापुरतं. त्यावर कुठलाही प्राणी लिहून मिळत नाही. वन्यजीव कायद्यातली 'शिकार' तर गोळीच्याही आधी सुरू होते. बांधावर तारेचा फास लावला, मारण्यासाठी चौघांनी हाका घालून जनावर हाकललं, नुसता प्रयत्न केला, तरी ती शिकारच. नेम चुकला म्हणून सुटका नाही.

"पण पीक खाल्लं तर?" याच कायद्याच्या कलम ११ मध्ये वाट आहे, पण अरुंद. काळवीट पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत येतं. ते माणसाच्या जिवाला धोकादायक असेल किंवा बरं न होण्याइतकं जखमी, आजारी असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवानगी देऊ शकतात. हरभऱ्याचे शेंडे खुडले, एवढं कारण तिथे चालत नाही. आणि परवानगीने मारलेला प्राणीही सरकारची मालमत्ता, त्यामुळे रश्श्याचा बेत तसाही बारगळलाच.

हरणांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई मात्र महाराष्ट्रात मिळते. त्यासाठी पंचनामा लागतो, म्हणून खाल्लेलं रान नांगरण्याआधी वनरक्षकाला बोलवा.