गैरहजर विद्यार्थी पास की नापास?

एक्सेल आले की डेटा ॲनालिसिस आले, आणि एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती मागवण्याची भाषा) म्हणजे तेच काम लाखो ओळींवर करण्याची सोय, असा समज सर्रास आढळतो. काही आठवड्यांत ‘डेटा सायंटिस्ट’ घडवू पाहणाऱ्या जाहिरातींनी तो अधिकच पक्का केला आहे. प्रत्यक्षात ही दोन साधने एका साध्या गोष्टीबाबत, म्हणजे रिकाम्या जागेबाबत, निरनिराळ्या पद्धतीने विचार करतात.

पाच विद्यार्थ्यांचे गुण ६०, ४०, ३० आणि ७० असे आहेत, आणि पाचवा गैरहजर असल्याने त्याचा रकाना कोरा आहे, असे समजू. सरासरीबाबत दोन्ही साधनांचे एकमत आहे: कोरी नोंद वगळून २०० ला ४ ने भागायचे, उत्तर ५०. त्या जागी कोणी शून्य भरले, तर सरासरी ४० वर येते. आता ‘३५ पेक्षा कमी असल्यास नापास, नाहीतर पास’ असे सूत्र प्रत्येक ओळीला लावा. एक्सेल तुलनेच्या वेळी कोऱ्या पेशीला शून्य मानते, त्यामुळे गैरहजर विद्यार्थी नापास ठरतो. एसक्यूएलमध्ये हाच नियम ‘केस’ या, अटीनुसार उत्तर ठरवणाऱ्या रचनेने लिहिला, तर तो चक्क पास होतो!

याचे कारण एसक्यूएलच्या तर्कशास्त्रात आहे. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल प्रतिमानावर, म्हणजे माहिती तक्त्यांच्या रूपात मांडण्याच्या कल्पनेवर, ही भाषा उभी आहे. तिच्यात कोऱ्या जागेला ‘नल’ म्हणतात आणि विधानाची मूल्ये दोन नसून तीन असतात: खरे, खोटे आणि अज्ञात. नल ३५ पेक्षा कमी आहे का, याचे उत्तर अज्ञात. नल नलइतकाच आहे का, याचेही उत्तर अज्ञातच. ‘केस’मधील अट खरी ठरली नाही, की ओळ ‘नाहीतर’ या शाखेत जाते. याउलट ओळी निवडणारे ‘व्हेअर’ केवळ खऱ्या ठरलेल्या ओळी ठेवते; म्हणून ३५ पेक्षा कमी गुणांचा एक आणि ३५ किंवा अधिक गुणांचे तीन विद्यार्थी मिळतात, पाचवा कोणत्याच यादीत नसतो.

एखादे मूल्य यादीत नाही ना, हे तपासणाऱ्या ‘नॉट इन’मध्ये हेच तर्कशास्त्र अधिक विचित्र रूप घेते. ज्या यादीत एखादे मूल्य ‘नाही’ हे तपासायचे, तिच्यात एक जरी नल असला, तरी कोणतेही मूल्य त्या नलपेक्षा वेगळे आहे असे खात्रीने म्हणता येत नाही. मग सर्व तुलना ‘आणि’ने जोडलेल्या असल्याने अट कधीच खरी ठरत नाही, आणि हजारो ओळींच्या तक्त्यातूनही उत्तर रिकामे येते. संगणकाने काढलेला आकडा चुकणारच नाही, ही आजची एक अंधश्रद्धाच आहे. येथे तर संगणकाने नियम तंतोतंत पाळलेला असतो.

म्हणून कोणताही हिशेब मांडण्यापूर्वी सर्व ओळींची संख्या आणि गुण असलेल्या ओळींची संख्या वेगवेगळी मोजावी. येथे ती ५ आणि ४ येईल. एसक्यूएलमध्ये त्यासाठी मोजणीचे ‘काउंट’ पुरते, तर एक्सेलमध्ये कोऱ्या पेशी मोजणारे ‘काउंटब्लँक’ आहे. मात्र सूत्राने रिकामा मजकूर दिलेली पेशीही काउंटब्लँक कोरीच धरते, आणि भरलेल्या पेशी मोजणारे ‘काउंटए’ तीच पेशी भरलेली म्हणून मोजते.