फुलस्टॉप की कॅमेलियन? शेतात पुरलेल्या दोन खुणांमधला फरक

आफ्रिकेतल्या छोट्या शेतकऱ्यांच्या सिंचनाबद्दल वाचायला लागलं की दोन नावं जोडीने समोर येतात. एक फुलस्टॉप, दुसरं कॅमेलियन. दोन्ही जमिनीत पुरायची आणि दोन्ही ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत मृदाशास्त्रज्ञ रिचर्ड स्टिर्झेकर यांच्या कामातून आलेली. 2013 पासून टांझानिया, मोझांबिक आणि झिंबाब्वेमधल्या सिंचन योजनांवर ती एकाच प्रकल्पातून त्याच शेतकऱ्यांच्या हाती दिली गेली. त्यामुळे सादरीकरणात, अहवालात, पाहुण्यांना शेत दाखवताना दोघांनाही सर्रास 'ओल मोजायचं यंत्र' म्हटलं जातं.

फुलस्टॉप ओल मोजतच नाही. इथूनच गडबड सुरू होते.

फुलस्टॉप म्हणजे एक प्लॅस्टिकचं नरसाळं. त्याचं रुंद तोंड वर ठेवून ते मुळांच्या थरात पुरतात आणि आत तीच माती भरतात. शेताला पाणी दिलं की ओलाव्याची एक कड हळूहळू खाली सरकते. ती नरसाळ्यात शिरली की वाट अरुंद होत जाते आणि त्याच मातीत पाणी दाटत जातं. तळाशी ते इतकं दाटतं की मातीतून सुटून, गाळणीतून खालच्या छोट्या कप्प्यात थेंबाथेंबाने उतरतं. तिथला तरंगा उचलला जातो आणि जमिनीवर आलेल्या नळीतून एक झेंडी वर येते. बॅटरी नाही, फोन नाही. शेतकरी हाताने खाली दाबेपर्यंत झेंडी वरच राहते. सकाळी दारं धरून दुपारी घरी गेलेल्या माणसालाही दुसऱ्या दिवशी बांधावरून कळतं की पाणी तिथवर पोचलं होतं. सहसा जोडी पुरतात, एक उथळ आणि एक खोल. उथळ झेंडी वर आली तर पाणी मुळांपर्यंत गेलं. खोल झेंडी पाण्याच्या प्रत्येक पाळीला वर येत असेल, तर बरंच पाणी मुळांच्याही खाली जातंय.

म्हणजे फुलस्टॉप एक घटना सांगतो: पाणी इथून गेलं. त्यानंतर माती किती दिवस ओली राहिली, पिकाला ताण कधी बसला, याबद्दल तो काही सांगत नाही.

कॅमेलियन म्हणजे रंग बदलणारा सरडा, आपला घोयरा. नाव त्याला शोभतं. वेगवेगळ्या खोलीवर पेराएवढे संवेदक पुरलेले असतात, त्यांच्या वायरी वर आलेल्या असतात. हातात मावणारा वाचक, म्हणजे रीडर, त्या वायरींना जोडला की प्रत्येक खोलीसाठी एक दिवा लागतो. निळा म्हणजे ओलं, हिरवा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे कोरडं. संवेदक शेतातच राहतात आणि वाचक या शेतातून त्या शेतात फिरतो, म्हणून एका वाचकावर अनेकांचं भागतं.

हे रंग मातीत पाणी किती आहे ते दाखवत नाहीत. ते पाणी ओढून घ्यायला मुळांना किती जोर लावावा लागतोय ते दाखवतात. हा जोर किलोपास्कलमध्ये मोजतात: साधारण 20 किलोपास्कलपर्यंत निळा, 20 ते 50 हिरवा आणि त्यापुढे लाल. मला हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय वाटतो. टक्क्यांत ओल सांगितली असती तर वाळूच्या रानात जो आकडा भरपूर ओल दाखवतो, त्याच आकड्याला चिकण मातीतलं पीक माना टाकतं. मग प्रत्येक जमिनीचा वेगळा तक्ता आला, तो समजावणारा माणूस आला. जोर मोजल्यामुळे लालचा अर्थ दोन्ही रानांत एकच राहतो.

मराठी वाचकाला हिरव्याचा अर्थ चटकन कळेल, कारण आपल्याकडे त्याला जवळचा शब्द आहे: वाफसा. माझे आजोबा ढेकूळ मुठीत दाबून, मग बोटांनी फोडून वाफसा बघायचे. पण मूठ एक वितीच्या खाली पोचत नाही. वर फुफाटा आणि दोन वितींखाली चिखल, असं रान त्यांनाही फसवायचं. ते पाणी देऊन मोकळे व्हायचे. कॅमेलियन नेमकं तेच खालचं रान दाखवतो.

थोडक्यात, पाणी कधी द्यायचं हे ठरवायला कॅमेलियन आणि दिलेलं पाणी कुठवर गेलं हे बघायला फुलस्टॉप. खोल झेंडी खाली आहे आणि तिथला दिवा मात्र निळा, असं होऊ शकतं. तिथे कुणाचीही चूक नसते. पाणी इतकं सावकाश झिरपलं असेल की नरसाळ्यात मोकळं पाणी जमलंच नाही, किंवा तिथली माती आधीच ओली असेल. ज्याला फरक माहीत नाही तो म्हणणार, यंत्र बिघडलं. असं एकदा झालं की त्या वायरींकडे परत कुणी वळून बघत नाही.

दोन्ही एकत्र का दिली, ते फुलस्टॉपच्या कप्प्यातल्या पाण्यावरून समजतं. ते पाणी सिरिंजने ओढून नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळलेलं खतातलं नत्र, दाखवणाऱ्या पट्टीवर टाकता येतं. पट्टी जितकी गडद, तितकं नायट्रेट जास्त. खत टाकल्यावर गडद झालेली पट्टी काही पाळ्यांतच फिकी पडली, आणि कॅमेलियनचे दिवे वरपासून खालपर्यंत निळेच राहिले, तर युरिया पाण्याबरोबर मुळांच्या खाली गेला. कोवळं पीक पिवळं पडलं की तहानलंय समजून आणखी पाणी दिलं जातं, आणि उरलंसुरलं खतही जातं. या योजनांवर अनेक शेतकऱ्यांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि पाण्याच्या पाळ्या कमी केल्या. उत्पन्न घटलं नाही, उलट वाढलं. पाणी भरण्यात जाणारा वेळ इतर कामांना मिळाला आणि पाण्यावरून होणारी भांडणंही कमी झाली.

म्हणून शेतकऱ्यापुढे 'पाणी वाचवा' ही घोषणा घेऊन जाणं मला चुकीचं वाटतं. अनेक योजनांत पाणीपट्टी क्षेत्रावर असते. पाणी कमी घेतलं म्हणून बिल कमी होत नाही. त्याचं वाचतं ते खत आणि त्याचा दिवस. तेच आधी सांगायला हवं. 'आज 20 मिलिमीटर पाणी द्या' असा संदेशही पाटाने पाणी भरणाऱ्याच्या कामाचा नाही, कारण मिलिमीटर मोजायला त्याच्याकडे काही नाही. दिव्याचा रंग हुकूम देत नाही. तो रान दाखवतो, निर्णय शेतकरी घेतो.

पण एकटा शेतकरी सगळं ठरवू शकत नाही. दिवा निळा असला तरी आज आपली पाळी आहे आणि ती सोडली तर पुढची कधी येईल याचा भरवसा नाही, मग तो पाणी घेणारच. पाळी बदलणं पाणीवाटप संस्थेच्या हातात असतं. म्हणून या प्रकल्पात उपकरणांसोबत शेतकरी, अधिकारी, व्यापारी यांना एकत्र बसवणारी व्यासपीठंही उभी केली गेली. तिथे कॅमेलियनचं पारडं जड होतं. त्याचा वाचक नोंदी इंटरनेटवर पाठवतो आणि पूर्ण हंगाम एका रंगीत पट्ट्यात दिसतो: आडवे आठवडे, उभी खोली. सगळा पट्टा निळा दिसला की पाळ्या लांबवायच्या की नाही, यावर बोलणं सुरू करायला वेगळा अहवाल लागत नाही. झेंडीची अशी नोंद आपोआप होत नाही. ती कुणीतरी वहीत लिहावी लागते.

अधिकाऱ्यांचा मात्र आणखी एक प्रश्न असतो. टांझानियातल्या इरिंगाजवळची किवेरे योजना लिटल रुआहा नदीचं पाणी घेते. ही नदी पुढे ग्रेट रुआहाला मिळते, आणि ग्रेट रुआहा 1993 पासून कोरड्या हंगामात काही भागांत वाहायची थांबते. शेतकऱ्यांनी पाळ्या कमी केल्या तर नदीत पाणी वाढलं का, हे नदीखोऱ्यातल्या पाण्याचा कारभार बघणाऱ्या खोरे कार्यालयाला हवं असतं. निळ्या पट्ट्याचा हिरवा झाला हे चित्र दाखवून 'इतकं पाणी वाचलं' असं त्यांना सांगणं खरं नाही. मुळांच्या खाली गेलेलं काही पाणी पाझरून पुन्हा नदीलाच मिळत असेल. पाटात कमी घेतलेलं पाणी वरच्या कुणीतरी नव्या रानालाही लावलेलं असेल. त्याचं उत्तर ना झेंडीत आहे, ना दिव्यात. त्यासाठी पाटाच्या तोंडाशी आणि नदीत पाणी मोजावं लागतं.