अळीमिळी गुपचिळीचे २४ दिवस

२७ जून २०२४ च्या रात्री अटलांटातल्या सीएनएनच्या स्टुडिओत एकही प्रेक्षक नव्हता. दोन सूत्रसंचालक, राष्ट्राध्यक्षपदाचे दोन उमेदवार, आणि ज्याची पाळी नसेल त्याचा माईक बंद. घरोघरी मात्र पाच कोटींहून जास्त अमेरिकन ही चर्चा बघत होते. पहिल्या पाव तासातच तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष, ८१ वर्षांचे जो बायडेन एका उत्तरात अडकले, शब्द शोधत राहिले आणि ‘शेवटी आपण मेडिकेअरला हरवलं’ असं बोलून थांबले. मेडिकेअर म्हणजे तिथली ज्येष्ठांची सरकारी आरोग्य विमा योजना. बायडेन ती वाचवायला निघाले होते. पुढे स्थलांतरावरच्या दुसऱ्या एका उत्तरानंतर डोनाल्ड ट्रम्प म्हणाले, वाक्याच्या शेवटी हे काय बोलले ते मला कळलं नाही, आणि त्यांनाही कळलं असेल असं वाटत नाही.

पुढच्या २४ दिवसांत डेमोक्रॅटिक पक्षाने आपला राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार बदलावा की नाही यावर उभ्या जगासमोर वाद घातला आणि शेवटी तो बदलला. ‘कामगिरी वाईट झाली, लोकांनी पाहिली, माणूस गेला’ इतकी ही गोष्ट सरळ वाटते. पण मग त्या रात्री लोकांना नवं काय कळलं?

बायडेन यांचं वय काही गुपित नव्हतं. ऑगस्ट २०२३ मध्ये एपी वृत्तसंस्था आणि नॉर्क या संशोधन संस्थेच्या पाहणीत ७७ टक्के अमेरिकनांनी सांगितलं होतं की आणखी चार वर्षं कारभार नीट सांभाळण्याच्या मानाने बायडेन फार म्हातारे आहेत. खुद्द डेमोक्रॅट मतदारांतही हे प्रमाण ६९ टक्के होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारी कागदपत्रांच्या चौकशीसाठी नेमलेल्या विशेष वकिलाने आपल्या अहवालात त्यांच्या कमजोर स्मरणशक्तीचा उल्लेख केला, त्यावरून गदारोळ झाला आणि विरला. म्हणजे वादचर्चेच्या दहा महिने आधीच दर दहा डेमोक्रॅट मतदारांपैकी सातांना हे माहीत होतं. तरी त्याच मतदारांनी प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, बायडेन यांना सुमारे १ कोटी ४० लाख मतं दिली.

ही गाठ सोडवायला एक जुनं कोडं फार कामाचं आहे. त्याला मी आपल्याकडची आजी जोडतो.

बंड्या, चिंगी आणि गोट्या पावसात खेळून घरी आले. तिघांच्याही कपाळाला चिखल. आरसा नाही, एकमेकांशी बोलायला बंदी. प्रत्येकाला दुसऱ्या दोघांची कपाळं दिसतात, स्वतःचं दिसत नाही. आजी म्हणते, “तुमच्यातल्या निदान एकाच्या कपाळाला चिखल आहे. आपल्याच कपाळाला तो आहे अशी ज्याची खात्री असेल त्याने हात वर करा.” कोणीच हात वर करत नाही. आजी पुन्हा विचारते. पुन्हा कोणी नाही. तिसऱ्यांदा विचारते, तेव्हा तिन्ही हात एकदम वर येतात. (मुलं तर्कात पक्की आहेत, हे गृहीत धरायचं. कोड्यातली मुलं नेहमीच असतात.)

हे कसं झालं? समजा चिखल एकालाच असता, तर त्याला बाकी दोन्ही कपाळं स्वच्छ दिसली असती आणि त्याने पहिल्याच खेपेला हात वर केला असता. दोघांना असता, तर त्यातल्या प्रत्येकाला एकच मळकं कपाळ दिसलं असतं. पहिल्या खेपेला समोरच्याने हात वर केला नाही, म्हणजे त्यालाही कुणाचा तरी चिखल दिसतोय, आणि तो माझाच. दुसऱ्या खेपेला दोन हात वर. तसं झालं नाही, म्हणून तिसऱ्या खेपेला तीन.

आता खरी गंमत. आजी जे बोलली ते तिघांनाही आधीच दिसत होतं. प्रत्येकाच्या समोर एक सोडून दोन मळकी कपाळं होती. तरी ती बोलली नसती, तर मुलं रात्रीपर्यंत एकमेकांकडे बघत बसली असती. कारण बंड्याच्या मनात असं चालू आहे: माझं कपाळ स्वच्छ असेल, तर चिंगीला फक्त गोट्याचा चिखल दिसतोय. मग चिंगीला असंही वाटत असेल की आपलंही स्वच्छ आहे, आणि गोट्याला कुठेच चिखल दिसत नाहीये. चिखल प्रत्येकाला दिसतो, पण ‘सगळ्यांना दिसतोय हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तेही सगळ्यांना ठाऊक आहे’ ही साखळी अधेमध्ये तुटलेली आहे. आजीच्या चारचौघांतल्या एका वाक्याने ती जुळते.

गेम थिअरीत, म्हणजे दुसरा काय करेल हे धरून माणसं आपला डाव कसा ठरवतात याच्या शास्त्रात, याला सामाईक ज्ञान म्हणतात, सामाईक विहिरीसारखं. तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांनी १९६९ मध्ये ही कल्पना मांडली आणि गणिती रॉबर्ट ऑमन यांनी १९७६ मध्ये तिला काटेकोर गणिती रूप दिलं. एखादी गोष्ट प्रत्येकाला ठाऊक असणं आणि ती सामाईक असणं, यांत झाकली मूठ आणि उघडी मूठ एवढा फरक आहे.

२७ जूनची रात्र हे आजीचं वाक्य होतं. त्याआधी बायडेन अडखळल्याचे व्हिडिओ फिरत होतेच, पण ते ट्रम्पसमर्थकांच्या गटांत फिरत. व्हाइट हाऊस त्यांना कापून-जोडून केलेली फसवणूक म्हणत असे, आणि काही बाबतीत त्यात तथ्यही होतं. ही चर्चा थेट होती, नव्वद मिनिटांची होती, तिच्या अटी बायडेन यांच्याच बाजूला मान्य झालेल्या होत्या. सगळ्यात महत्त्वाचं, बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं की या क्षणी शेजारीही हेच बघतोय. पक्षाचा देणगीदारही, प्रतिनिधीही.

इतकं झालं तरी दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी हात वर केले नाहीत. कोड्यातल्या मुलांना बोलल्याची शिक्षा नसते, राजकारण्यांना असते. लहानपणी आपण अळीमिळी गुपचिळी खेळायचो, त्यात जो आधी बोलेल तो हरायचा. मिनेसोटाचे खासदार डीन फिलिप्स ऑक्टोबर २०२३ मध्ये आधी बोलले. पक्षाने नवा माणूस द्यावा म्हणत ते स्वतःच प्रायमरीत उतरले. आपल्या राज्यातही हरले आणि मार्च २०२४ मध्ये बाहेर पडले. त्यांचं काय झालं ते बाकीच्यांनी नीट पाहून ठेवलं होतं. मनात एक आणि ओठांवर दुसरं, या वागण्याला अर्थशास्त्रज्ञ तिमूर कुरान पसंतीचं खोटेकरण म्हणतात. माणूस खोटारडा असतो म्हणून नव्हे, तर एकटा पडण्याची किंमत मोठी असते म्हणून हे घडतं. सगळे असेच वागले की बाहेरून एकमत दिसतं, आणि ते बघून पुढचा माणूसही गप्प बसतो.

ही कोंडी कशी फुटते? समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये याचं एक साधं, पण चक्रावून टाकणारं प्रारूप मांडलं. चौकात शंभर माणसं आहेत. प्रत्येकाचा एक उंबरठा आहे: किती जणांनी दगड उचलल्यावर मी उचलेन? एकाचा शून्य, दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असं करत शेवटच्याचा ९९. शून्यवाला दगड उचलतो, त्याला पाहून एकवाला, मग दोनवाला, आणि बघता बघता शंभरही माणसं दंगलीत. आता यातला फक्त एकवाला काढून तिथे आणखी एक दोनवाला ठेवा. शून्यवाला दगड मारतो, बाकीचे ९९ जण बघत राहतात. दोन्ही जमावांची मनोवृत्ती जवळजवळ तीच, पण एकीकडे बातमी ‘शहर पेटलं’, दुसरीकडे ‘माथेफिरूने काच फोडली’.

चर्चेनंतर डेमोक्रॅट खासदारांतला शून्यवाला २ जुलैला सापडला. टेक्सासचे लॉइड डॉगेट. पंच्याहत्तरी उलटलेली, १९९५ पासून संसदेत, ऑस्टिनचा मतदारसंघ पक्का. त्यांना गमवायला फारसं काही नव्हतं. शिवाय एक योगायोग: ज्या भागातून ते निवडून येत, तिथूनच एके काळी लिंडन जॉन्सन संसदेत गेले होते, आणि मार्च १९६८ मध्ये फेरनिवडणूक न लढवण्याची घोषणा करणारे राष्ट्राध्यक्ष ते हेच जॉन्सन. डॉगेट यांनी पत्रकात त्याची आठवण करून दिली. दुसऱ्या दिवशी ॲरिझोनाचे राउल ग्रिहाल्वा बोलले. मग एकेक जण. १० जुलैला पीटर वेल्च हे पहिले सिनेटर.

त्याच सकाळी माजी सभापती नॅन्सी पेलोसी टीव्हीवर जे बोलल्या, तो या प्रकरणातला मला सर्वांत आवडणारा डाव आहे. दोनच दिवसांपूर्वी बायडेन यांनी खासदारांना पत्र लिहून ठणकावलं होतं की मी लढणार, वाद बंद करा. पेलोसी म्हणाल्या, लढायचं की नाही हे राष्ट्राध्यक्षांनी ठरवायचं आहे, वेळ थोडा उरलाय, आणि ते ठरवतील तो निर्णय आम्हाला मान्य. वाक्य निष्ठेचं, पण अर्थ असा की निर्णय अजून झालेलाच नाही. एका वाक्यात त्यांनी बंद केलेला प्रश्न उघडला आणि कुंपणावरच्या कित्येकांचे उंबरठे खाली आणले.

१३ जुलैला पेन्सिल्व्हेनियातल्या बटलर इथे ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला आणि काही दिवस हे सगळं थांबलं. १७ तारखेला कॅलिफोर्नियाचे खासदार ॲडम शिफ यांनी पुन्हा तोंड फोडलं. त्याच दिवशी बायडेन यांना कोविड झाला. अखेरपर्यंत अडीचशेहून अधिक डेमोक्रॅट खासदारांपैकी जाहीरपणे ‘थांबा’ म्हणणारे तिसांच्या थोडेच वर गेले होते. बहुमताची गरजच पडली नाही, आकडा कुठल्या दिशेने आणि किती वेगाने सरकतोय हे सगळ्यांना दिसत होतं.

नियम काय सांगत होते? पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवतात ते प्रतिनिधी. बायडेन यांच्याकडे ते ३,९०० च्या आसपास होते आणि नामांकनाला १,९७६ पुरेसे होते. पक्षाचा नियम म्हणतो, ज्यांनी निवडून दिलं त्यांच्या भावनांना प्रतिनिधीने सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मतदानात वाट द्यावी. म्हणजे बंधन आहे आणि फटही आहे. पण हे प्रतिनिधी बायडेन यांच्याच लोकांनी पारखून घेतलेले. उमेदवाराने स्वतः सोडल्याशिवाय जागा रिकामी होणं व्यवहारात अशक्य होतं.

मतचाचण्यांचा दोन्ही बाजूंनी वापर झाला, आणि मला वाटतं दोन्ही बाजूंनी चुकीचा. चर्चेनंतर सरासरीत फरक पडला तो दोन-तीन टक्क्यांचा. ‘बघा, काही बिघडलं नाही,’ असं बायडेनसमर्थक म्हणत. हजार लोकांच्या पाहणीत एका उमेदवाराच्या आकड्यात साधारण तीन टक्क्यांची चूक शक्य असते आणि दोघांमधल्या अंतरात जवळपास दुप्पट. एवढ्या धुक्यात ‘बिघडलं नाही’ हेही दिसत नाही. ‘अमुक गव्हर्नर उभे राहिले तर?’ या प्रश्नाची उत्तरं तर अजूनच पोकळ, कारण निम्म्या लोकांना तो गव्हर्नर धड माहीत नसतो.

‘हे नकोत’ एवढ्यावर एकमत होऊन भागत नाही. ‘मग कोण?’ यावर पक्ष फुटू शकतो. अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग लोकांना विचारत: न्यूयॉर्कमध्ये अनोळखी माणसाला भेटायचंय, जागा-वेळ ठरलेली नाही, संपर्क नाही, कुठे जाल? बहुतेकांचं उत्तर एकच आलं, ग्रँड सेंट्रल स्थानकातला चौकशी कक्ष, दुपारी बारा. मुंबईकराला यात नवल वाटणार नाही, त्याच्या कित्येक पिढ्या व्हीटीला इंडिकेटरखाली भेटल्या आहेत. जागा उत्तम असायची गरज नसते. ‘दुसराही तिथेच येईल’ असं दोघांना वाटलं की झालं. शेलिंग आणि ऑमन यांना २००५ चं अर्थशास्त्राचं नोबेल एकत्र मिळालं.

२१ जुलैच्या रविवारी दुपारी बायडेन यांचं माघारीचं पत्र आलं आणि अर्ध्या तासाच्या आत कमला हॅरिस यांना पाठिंबा. हॅरिस हा पक्षाचा इंडिकेटर होता. उपराष्ट्राध्यक्ष म्हणून नाव आधीच जोडीने छापलेलं, आणि प्रचाराच्या खात्यातले साडेनऊ कोटी डॉलर त्यांना सहज वापरता येण्याजोगे, कारण खातं दोघांचं. छोटी प्रायमरी घ्या, खुलं अधिवेशन घ्या, असं म्हणणारे बोलतच राहिले. ज्यांची नावं पर्याय म्हणून घेतली जात होती ते गव्हर्नर न्यूसम, शपिरो, व्हिटमर सोमवारी सकाळपर्यंत हॅरिसच्या मागे उभे होते. सोमवारी रात्री एपीच्या मोजणीत १,९७६ चा आकडा पार झाला.

इथे एक कबुली द्यायला हवी. ऑक्टोबर २०१६ मध्ये ट्रम्प यांची स्त्रियांबद्दल अश्लील बोलतानाची टेप बाहेर आली तेव्हाही सगळ्या देशाने ती एकदम ऐकली होती. जॉन मॅकेन यांच्यासह अनेक रिपब्लिकन नेत्यांनी पाठिंबा काढला आणि उमेदवार बदलण्याची चर्चा झाली. आजीचं वाक्य झालं, शून्यवाले-एकवाले बोलले, तरी लाट मध्येच विरली. निवडणूक ३२ दिवसांवर होती, काही राज्यांत मतदान सुरूही झालं होतं, भेटायला इंडिकेटर नव्हता, पक्षाचे मतदार हलले नाहीत आणि उमेदवार हटला नाही. हे सगळं आता सांगता येतं. कुरान यांचंच म्हणणं आहे की अशा उलथापालथी आधी कोणाला दिसत नाहीत आणि नंतर अटळ वाटतात. उंबरठे मनात असतात आणि ते मोजायचं यंत्र नाही.

५ नोव्हेंबरला हॅरिस हरल्या, राज्यवार मिळणाऱ्या इलेक्टोरल मतांत ३१२ विरुद्ध २२६. बायडेन राहिले असते तर काय झालं असतं, याचा प्रयोग पुन्हा करून पाहता येत नाही. त्याच दिवशी ऑस्टिनमधून लॉइड डॉगेट पुन्हा निवडून आले. आठ महिने आधी तेच बोललेल्या डीन फिलिप्स यांचं नाव मिनेसोटाच्या मतपत्रिकेवर नव्हतं.