कमी सेटिंगचं काम आधी घेतलं की वेळ वाचतोच का?

कारखान्यांत वर्षानुवर्षं चालत आलेली समजूत: मशीन मोकळं झालं की ज्याला सगळ्यात कमी सेटिंग (म्हणजे काम बदलताना मशीनची तयारी) लागेल ते काम पुढे घ्यावं, म्हणजे एकूण सेटिंग कमीत कमी होते.

दर वेळी बचत डोळ्यांना दिसते, त्यामुळे हे पटणं स्वाभाविक आहे. पण प्लास्टिक मोल्डिंगचं मशीन घ्या. पांढऱ्या प्लास्टिकच्या दाण्यावरून काळ्यावर जाणं सोपं. काळ्यावरून पांढऱ्यावर येताना मात्र बॅरलमधला (दाणा वितळतो त्या नळीतला) रंग पूर्ण निघेपर्यंत दाणा वाया घालवावा लागतो. जाण्या-येण्याचा वेळ सारखा नसतो, आणि गोम इथेच आहे.

समजा पांढरं काम संपलं. पिवळं, लाल, काळं उरलं. काळ्याला आत्ताचाच मोल्ड (साचा) चालतो, म्हणून १५ मिनिटं. पिवळ्या-लालचा मोल्ड दुसरा, तो चढवायला ४०. समजुतीप्रमाणे आधी काळं १५, मग मोल्ड आणि रंग दोन्ही बदलून लाल ७०, मग पिवळं ४५: एकूण १३०. उलट पिवळं ४०, लाल १५, शेवटी काळं ४०: एकूण ९५. सुरुवातीला २५ मिनिटं जास्त मोजली, तरी ३५ वाचली.

स्वतः पडताळायचं तर आठवडाभर ‘कशावरून कशावर, किती मिनिटं’ एवढंच वहीत लिहा. तीन कामांचे सहाच क्रम होतात, सगळे मांडून बघता येतात. दहा कामांचे ३६,२८,८०० होतात. तिथे समजुतीनुसार लावलेला क्रम कच्चा आराखडा म्हणून जरूर घ्यावा, मग दोन-दोन कामांची अदलाबदल करून बेरीज उतरते का ते पाहावं. डिलिव्हरीची तारीख सांभाळूनच.