सर्व्हरवरचं एसएमबी1 बंद करतोय, त्याआधी हे वाचून घ्या

आमच्याकडे एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) असलेल्या सगळ्या ऑफिसेससाठी हे पत्रक आहे. सीए फर्म, दवाखाने, पॅथॉलॉजी लॅब, वर्कशॉप, दुकानं, जिथे जिथे विंडोज सर्व्हर किंवा नॅस बॉक्स (नेटवर्कवर फाइली ठेवायचा डबा) आहे तिथे आम्ही एसएमबी1 नावाचा जुना प्रोटोकॉल टप्प्याटप्प्याने बंद करणार आहोत, आणि तो बंद झाल्यावर एखाददुसरी गोष्ट अडू शकते म्हणून आधीच सांगून ठेवतोय.

एसएमबी म्हणजे काय, तर सर्व्हरवरचा शेअर केलेला फोल्डर तुमच्या पीसीवर झेड ड्राइव्ह म्हणून दिसतो, टॅलीचा डेटा सगळ्यांना एकाच जागेवरून उघडता येतो, स्कॅनर थेट फोल्डरमध्ये पीडीएफ टाकतो, हे सगळं एसएमबीवर चालतं. त्याची पहिली आवृत्ती 1980 च्या दशकातली. व्हिस्टा आणि सर्व्हर 2008 पासून दुसरी आली, विंडोज 8 आणि सर्व्हर 2012 पासून तिसरी. तुमचे विंडोज 10, 11 वाले पीसी सर्व्हरशी आपोआप नव्या आवृत्तीतच बोलतात, त्यामुळे टॅली, एक्सेल, रोजच्या फाइली यांना काहीही फरक पडणार नाही. जुनी आवृत्ती फक्त सुसंगततेसाठी चालू राहिलेली असते आणि धोका नेमका तिथेच आहे.

12 मे 2017 ला वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो एसएमबी1 मधल्या भोकातून. कोणी मेल उघडावी, लिंकवर क्लिक करावं याची गरजच नव्हती, नेटवर्कवर एका पीसीला लागण झाली की तो पोर्ट 445 वरून, म्हणजे फाइल शेअरिंगच्याच दारातून, शेजारचा पीसी स्वतः शोधायचा. पुढच्याच महिन्यात, 27 जूनला, नॉटपेट्या हा तसलाच व्हायरस आला आणि आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं, कारण ते टर्मिनल चालवणाऱ्या मर्स्क या जहाज कंपनीच्या ग्रुपच्या जगभरातल्या सिस्टीम्सच बसल्या होत्या. नॉटपेट्या पासवर्ड चोरूनही पसरत होता, त्यामुळे एसएमबी1 बंद केलं की सगळं सुरक्षित झालं असं आम्ही म्हणत नाही. बॅकअप आणि अपडेट हे लागणारच.

बरेच जण विचारतात की मायक्रोसॉफ्टने पॅच दिलाय ना, मग बंद कशाला करायचं? पॅच खरंच आहे, वॉनाक्रायच्या आधीच 14 मार्च 2017 ला आला होता आणि ज्यांनी टाकला नाही ते अडकले. पण पॅचने ते एक भोक बुजलं, प्रोटोकॉल जुना तो जुनाच. त्यात एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद करून पाठवणं) नाही, ते तिसऱ्या आवृत्तीत आलं, आणि मध्ये बसून कोणी छेडछाड केली तर ती पकडण्याची सोयही त्यात तोकडी आहे. सर्व्हर 2019 पासून तर मायक्रोसॉफ्ट हे आपणहून इन्स्टॉल करून देत नाही, तरी आम्हाला 2019 च्या सर्व्हरवर ते चालू सापडतं, कारण कधीतरी स्कॅनर चालेना म्हणून कोणीतरी टिक मारून ठेवलेली असते.

आम्ही काय करणार. आल्या आल्या बटण बंद, असं अजिबात नाही. आधी सर्व्हरवर एसएमबी1 चं ऑडिट चालू करतो, म्हणजे कोणी जुन्या पद्धतीने जोडायला आलं की इव्हेंट लॉगमध्ये 3000 नंबरची नोंद पडते आणि त्यात त्या मशीनचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, दिसतो. हे आम्ही निदान एक महिनाअखेर धरून चालू ठेवतो, कारण पगारपत्रक काढणारा कोपऱ्यातला पीसी महिन्यातून एकदाच चालू होतो आणि दोन दिवसांच्या लॉगमध्ये तो सापडत नाही. नोंदी बघून त्या त्या मशीनची सोय लावली की मग सर्व्हरवर एसएमबी1 कमांडने बंद करतो, त्याला रीस्टार्ट लागत नाही आणि काही अडलं तर मिनिटात परत चालू करता येतं. सगळं आठवडाभर सुरळीत गेलं की शेवटी सर्व्हर मॅनेजरच्या फीचर्समधून ‘एसएमबी 1.0/सीआयएफएस फाइल शेअरिंग सपोर्ट’ काढूनच टाकतो. याला रीस्टार्ट लागतो, म्हणून तो ऑफिस सुटल्यावर, आणि सीए मंडळींसाठी जीएसटी रिटर्नच्या 11 आणि 20 तारखेच्या आसपास मुळीच नाही.

सगळ्यात जास्त अडतो तो स्कॅनर, म्हणजे झेरॉक्स-प्रिंटर-स्कॅनर एकत्र असलेलं मोठं मशीन. जुन्या मॉडेलला एसएमबी1 शिवाय काही येतच नाही, मग पॅनेलवर ‘कनेक्शन एरर’ येतो आणि स्टाफला वाटतं पासवर्ड बदलला. बऱ्याच मॉडेलना फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट मिळतो, तो तुमच्या मशीनच्या सर्व्हिस इंजिनिअरकडून करून घ्यायचा, आणि कधी कधी मशीनच्या सेटिंगमध्ये एसएमबी व्हर्जन निवडायची जागा आधीच असते, फक्त कोणी तिथपर्यंत गेलेलं नसतं. तेही नसेल तर स्कॅन टू ईमेल लावून देतो. आणि हो, कित्येक ठिकाणी स्कॅनरमध्ये चक्क अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड भरलेला असतो, तो आम्ही काढणार आणि फक्त स्कॅन फोल्डरपुरता वेगळा युजर करणार.

एक्सपीवर चालणारी मशीनं, म्हणजे लॅबमधला अ‍ॅनलायझर किंवा वर्कशॉपमधलं सीएनसी, यांचा प्रश्न वेगळा आहे. एक्सपीला दुसरी आवृत्ती येत नाही आणि पाच-दहा लाखांचं मशीन कोणी टाकून देणार नाही, ते आम्हालाही कळतं. अशा ठिकाणी ते मशीन मुख्य नेटवर्कपासून वेगळं करून मध्ये एक साधा पीसी ठेवतो, जो एका बाजूने त्याच्याकडून फाइल घेतो आणि दुसऱ्या बाजूने नव्या आवृत्तीत सर्व्हरला देतो. तेवढ्या एका पीसीवरच एसएमबी1 राहतं, सर्व्हरवर नाही.

आणखी एक, जे बघून लोक घाबरतात: बंद केल्यावर काही पीसींवर ‘नेटवर्क’ उघडलं की आत एकही कॉम्प्युटर दिसत नाही. ती जुनी यादी एसएमबी1 च्याच जिवावर बनायची. फाइली कुठेही गेलेल्या नसतात, अ‍ॅड्रेस बारमध्ये दोन उलटे स्लॅश आणि सर्व्हरचं नाव टाकलं की फोल्डर समोर येतात, आणि आम्ही तसेही सगळ्यांना ड्राइव्ह मॅप करून देतोच.

नॅस असेल तर त्याच्या एसएमबी सेटिंगमध्ये किमान आवृत्ती दुसरी ठेवायची, एवढंच काम असतं. पण कृपया कोणी व्हिडिओ बघून एसएमबी2 बंद करू नका, विंडोजवर दुसरी आणि तिसरी आवृत्ती एकाच स्विचवर आहेत, दुसरी बंद केली की तिसरीही जाते आणि एकाही पीसीवरून शेअर उघडत नाही. आणि घरून फाइली बघायच्या म्हणून राउटरवर पोर्ट 445 बाहेर उघडलेला असेल तर आमच्या येण्याची वाट न बघता आजच कळवा, तो बंद करून व्हीपीएन (बाहेरून ऑफिसला जोडायची सुरक्षित सोय) लावून देतो.

तुमच्याकडून आम्हाला दोनच गोष्टी हव्यात. स्कॅनर, नॅस आणि जुन्या मशीनच्या मागच्या लेबलचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, मॉडेल नंबर वाचता येईल असा. आणि बंद केल्यानंतर काही अडलं तर दुसऱ्या कोणाकडून ती टिक परत मारून घेऊ नका, आधी आम्हाला फोन करा. स्क्रीनवर आलेल्या मेसेजचा फोटो आणि साधारण वेळ पाठवलीत तर लॉगमध्ये ते मशीन लगेच सापडतं.