काइविनकोने : खणणाऱ्या शब्दाचं मूळ

चर खणणाऱ्या त्या लांब हाताच्या यंत्राला आपण पोकलेन म्हणतो. ते मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव. फिनलंडमध्ये त्याच यंत्राला ‘काइविनकोने’ म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो, कारण तो फोडला की फिनिश भाषा शब्द कशी घडवते ते समोर दिसतं.

‘काइवा’ म्हणजे खणणं. त्यावरूनच ‘काइवो’ म्हणजे विहीर आणि ‘काइवोस’ म्हणजे खाण. क्रियापदाला ‘-इन’ जोडला की त्या कामाचं साधन तयार होतं. ‘आवाता’ म्हणजे उघडणं, तर ‘आवाइन’ म्हणजे किल्ली. आपण किसण्यावरून किसणी, चाळण्यावरून चाळणी करतो, तसंच. म्हणजे काइविन ही झाली ‘खणणी’. शेजारच्या एस्टोनियन भाषेत खणण्याला ‘काएवामा’ म्हणतात, शब्द सख्ख्या नात्यातला. पण यंत्राला मात्र त्यांनी ‘एक्सकावातोर’ हा लॅटिन मुळाचा शब्द घेतला.

उरला ‘कोने’, म्हणजे यंत्र. आपल्याकडच्या कित्येक लिफ्टवर हा शब्द दिसतो, कारण 1910 मध्ये हेलसिंकीत सुरू झालेल्या कंपनीचं नावच ते आहे. पण जुन्या फिनिशमध्ये कोने म्हणजे जादूटोणा, चेटकाची युक्ती! एकोणिसाव्या शतकात शास्त्र, कारखाने, कचेऱ्या यांसाठी फिनिश शब्द हवे होते. तोवर शिकलेल्यांचा कारभार स्वीडिशमध्ये चाले. काही शब्द नवे घडवले गेले. विजेसाठीचा ‘साह्को’ सामुएल रोस यांनी 1845 मध्ये सुचवला. काही जुन्या शब्दांना नवं काम मिळालं, आणि चेटूक यंत्र झालं.

मराठी वाचकाला इथे थबकायलाच हवं. आपल्या ‘यंत्र’ शब्दातही हे दोन अर्थ शेजारी नांदतात : गिरणीतलं यंत्र आणि देवघरातलं श्रीयंत्र. प्रवास मात्र उलटा. संस्कृतात ‘यम्’ म्हणजे आवरणं, त्यावरून यंत्र हे आधी आवरून धरणारं साधन. तांत्रिक आकृतीचा अर्थ मागाहून आला.

फिनिशमधल्या इतर अवजड यंत्रांची नावंही अशीच डोळ्यांसमोर चित्र उभं करतात. बुलडोझर म्हणजे ‘पुस्कुत्राक्तोरी’, ढुशी मारणारा ट्रॅक्टर. आणि रस्ता सपाट करणारा ग्रेडर म्हणजे ‘तिएहोयला’ : सुताराचा रंधा, फक्त रस्त्यावर फिरवायचा.